मंजूच्या नावाने बंद झालेला समुद्र

रूथचा फोन आला तेव्हा मी वेम्बलीला ईलिंग रोडवर भेंडी निवडत उभी होते. शेंडा मोडून बघू नका, असं तो दुकानदार दरवेळी सांगतो आणि मी दरवेळी मोडून बघते, तेच चाललं होतं. "मावशी, डॅड गेला," एवढंच ती म्हणाली. एरवी मी तिला 'गेला नाही गं, गेले' म्हणून टोकलं असतं. त्या दिवशी म्हटलं, कुठे आहेस, एकटी आहेस का, मी येते. भेंडी तशीच टाकून स्टेशनकडे निघाले. वॉटफर्डच्या गाडीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की आता तो समुद्र कोण उघडणार. हे वाचून तुम्हाला वाटेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. साहजिक आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

शांतवनभाऊ आणि मंजू, रूथचे आईवडील, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. ते रायगडातल्या एका खाडीकाठच्या गावचे, मंजू नगरकडची. दोघंही मराठी ख्रिस्ती, आजापणजापासूनचे. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी नवीन माणूस हमखास विचारायचा, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसे?" शांतवनभाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "आईच्या पोटातून आलो तेव्हा मराठीत रडलो, तेव्हापासून तेच चालू आहे." ते इथल्या एका कौन्सिलमध्ये बिल्डिंग इन्स्पेक्टर होते. लोकांनी घराला वाढवलेल्या खोल्या नियमात आहेत की नाहीत ते तपासायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. खिशात सपाटी तपासायचा लहानसा लेव्हल असायचा. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी तो काढून आमच्या खिडकीवर ठेवला होता, आणि काही न बोलता परत खिशात टाकला होता. अरुणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या खिडकीची काळजी अजून वाटते. मंजू नर्स होती, इथे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. बुटकी, गोल, आणि बोलायला लागली की समोरच्याचं बोलणं संपलं असं समजायचं.

आमची मैत्री जमली ती माशांवर. मी वेंगुर्ल्याची. वॉटफर्डमध्ये समुद्राचं नाव नाही, पण दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या नाहीतर त्यांच्या घरी मासे तळले जायचेच. शांतवनभाऊंचा गावाहून आणलेला बिडाचा तवा होता, काळा कुळकुळीत, आणि त्यावर बांगडा तेच तळणार. मंजूलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. "नगरच्या माणसाने मटण करावं, मासळीच्या वाट्याला जाऊ नये," असं म्हणायचे. मी म्हणायचे, अहो, रायगडवाल्यांना तिरफळ माहीत नाही आणि गप्पा कसल्या मारता. असं चालायचं. आता इथल्या घरांत मासे तळायचे म्हणजे स्मोक अलार्म बोंबलणार हे ठरलेलं. म्हणून शांतवनभाऊ तळायला घेण्याआधी स्टुलावर चढून अलार्मला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालायचे. लोकांना अलार्म झाकला म्हणून नोटिसा देणारा माणूस. मी हसले की म्हणायचे, "वहिनी, कुठे बोलू नका. आणि नंतर काढायला विसरू नका, नाहीतर इन्स्पेक्टरच्या मित्राचं घर जळालं म्हणून पेपरात येईल." जेवण झालं की आठवणीने पुन्हा चढून टोपी काढायचे आणि घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

दोघं रिटायर झाले आणि मिशनचं खूळ डोक्यात शिरलं. खूळ हा माझा शब्द. त्यांच्या चर्चच्या मराठी मंडळीत कुणीतरी येऊन पॅसिफिकमधल्या एका बेटाचे फोटो दाखवले. बेटाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना विचारलेलं नाही. चक्रीवादळाने सगळं झोपवलं होतं. छप्परं उडालेली, केळी आणि फणसासारखी ती ब्रेडफ्रूटची झाडं मुळासकट आडवी, विहिरींत खारं पाणी. एक नर्स हवी होती आणि एक बांधकाम कळणारा माणूस. झालं. जणू यांच्याच नावाने बोलावणं आलं. मी मंजूला बोल बोल बोलले. तुझे गुडघे, त्यांचं बीपी, रूथ इकडे लीड्सला एकटी, आणि तुम्ही निघालात जगाच्या पाठीवर. तिकडे लोक नाहीत का मदत करायला? मंजू शांतपणे मटार सोलत बसली होती. म्हणाली, "सुमन, माझी आजी प्लेगच्या वेळी गावाने टाकून दिली होती. परक्या देशातून आलेल्या एका बाईने तिला उचलून आणलं, आणि त्या बाईचं नावसुद्धा आमच्या घरात कुणाला नीट घेता येत नाही. आता माझी पाळी आहे, एवढंच." मी मटार सोलायला घेतले. जायच्या आदल्या दिवशी शांतवनभाऊ तवा माझ्याकडे ठेवून गेले. "तेल लावून ठेवा, गंज चढू देऊ नका, आल्यावर घेतो."

तिकडून फोन यायचे, आवाज तुटत तुटत. भाऊंनी शाळेचं छप्पर घातलं, मग चर्चचं. प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टी मारून घेतात, तिथली माणसं हसतात पण मारतात. मंजूचा दवाखाना म्हणजे ताडपत्री आणि दोन बाकं. तिला सगळे सिस्टर मंजू म्हणतात. भाऊंनी तिथल्या पोरांना टाळ्यांवर मराठी भजन शिकवलं आणि ती पोरं 'देवा'ला 'देफा' म्हणतात, हे सांगताना मंजूला हसू आवरत नव्हतं. एकदा भाऊ मात्र कुरकुरत होते. तिथे कुणी मेलं की गावकरी एखाद्या झाडाला, वाटेला, पाण्याला झावळी बांधून ते बंद करतात. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. भाऊंनी त्यावर रविवारी उपदेश केला म्हणे, की ही भीती सोडा, देवाने समुद्र सगळ्यांसाठी उघडा केलाय, झावळीने तो बंद होत नसतो. लोकांनी छान ऐकून घेतलं आणि पास्टर टॉमने, म्हणजे तिथल्या पाळकाने, हात जोडून आभार मानले. मी म्हटलं, भाऊ, छप्पर घालायला गेलात ना, छप्पर घाला की. ते हसले. ते शेवटचं तसलं हसणं, मोकळं...

मंजू लेप्टोने गेली. मुंबईत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलं की ज्याची आपल्याला भीती घालतात, तोच हा ताप. पुराच्या पाण्यात उंदीर, आणि मंजूच्या टाचेला भेग. सगळ्या गावाला पाणी उकळून प्या, चिखलात अनवाणी जाऊ नका म्हणून ओरडणारी बाई स्वतः चपलेवर विहीर साफ करायच्या कामाला उभी राहिली. ताप चढला तेव्हा समुद्र खवळलेला होता, मोठ्या बेटावरून बोट येईना. भाऊंनी तिला ताडपत्रीखाली तिच्याच बाकावर ठेवली होती. शेवटी शेवटी ती डोळे पिवळे झालेत का ते बघायला आरसा मागत होती, नर्सच ती. भाऊंनी आरसा दिला नाही. "सापडत नाही म्हटलं. आयुष्यात तिच्याशी तेवढंच खोटं बोललो," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तिला तिथेच पुरली, त्यांनी पट्ट्या मारलेल्या चर्चच्या मागे.

पुरून झाल्यावर गावचा चीफ आणि पास्टर टॉम भाऊंकडे आले. म्हणाले, सिस्टर मंजूसाठी आम्हाला समुद्र बंद करायचा आहे, तुमची परवानगी हवी. गावासमोरचं उथळ पाणी, प्रवाळाच्या कड्याच्या आतलं, त्यांनी हाताने दाखवलं. हा मान फक्त मोठ्या चीफला मिळतो, बाहेरच्या माणसाला आजवर मिळालेला नाही. आणि शांतवनभाऊंनी, झावळीवर उपदेश करणाऱ्या शांतवनभाऊंनी, हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, झावळ्या नकोत म्हणाले, आणि मंजूची निळी सुती साडी काढून दिली. ती फाडून त्या पट्ट्या खांबांना बांधल्या आणि ते खांब पाण्यात रोवले. भाऊ किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. आठवड्याभरात त्यांनाही ताप आला. मिशनने विमान करून त्यांना उचललं आणि ते इथे हॉस्पिटलमध्येच आले. जीव वाचला, किडन्या गेल्या.

त्यानंतरचे शांतवनभाऊ म्हणजे एक दिवसाआड डायलिसिस आणि मधल्या दिवशी पडून राहणं. दंडावर ती नळी घालायची जागा फुगलेली असायची, बाही खाली ओढून झाकायचे. ते घरी आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी तवा घेऊन गेले, तेलाचा हात फिरवून, पुसून. त्यांनी तो हातात घेतला नाही. "राहू दे वहिनी तुमच्याकडे. मी मासे सोडलेत." मला वाटलं डाएटिशियनने सांगितलं असेल, त्या डायलिसिसच्या लोकांना हे नको ते नको असतंच. पुढे एकदा त्यांना आणायला गेले तेव्हा मी तिथल्या नर्सला सहज विचारलं, तर ती म्हणाली, थोडा मासा चालतो की, उलट खायला हवा, ते काहीच खात नाहीत. गाडीत बसल्यावर मी भाऊंना धारेवर धरलं. म्हटलं, मंजूसाठी उपास करताय का? तुमच्यात कधीपासून हे सुरू झालं? ते खिडकीबाहेर बघत राहिले. वॉटफर्डचं ते ट्रॅफिक, पाऊस, वायपर. घरी पोचल्यावर किचनमध्ये बसून त्यांनी मला समुद्राची गोष्ट सांगितली, वर लिहिली ती सगळी, आणि मग म्हणाले, "तो अजून बंद आहे."

झालं होतं ते असं. आमच्या कोकणात समुद्र बंद होतो, पावसाळ्यात. होड्या ओढून वर घेतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा सुरू. दिवस ठरलेला, कुणाची वाट बघावी लागत नाही. भाऊंनी हेच डोक्यात धरलं. यांचीही एखादी पौर्णिमा असेल, आपोआप उघडेल, म्हणून विचारलंच नाही. आणि तिथे तसं नसतं. तिथे ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने येऊन खांब उपटायचे, पहिला मासा त्याने काढायचा. तो येईपर्यंत पाणी बंद. कितीही दिवस. पास्टर टॉमला फोनवर कधी गावाचं विचारलं तर तो म्हणायचा, घाई नाही ब्रदर, आधी बरे व्हा, सिस्टर आमच्याजवळ आहे. भाऊंना वाटायचं तो थडग्याबद्दल बोलतोय. हॉस्पिटलात पडल्या पडल्या एकदा खांबांचंच विचारलं, तेव्हा कुठे खरं कळलं.

मी वेंगुर्ल्याची बाई, मला पुढचं सांगावं लागलं नाही. ओहोटीला उथळ पाण्यात कोण उतरतं? बायका आणि पोरं. कालवं, मुळे म्हणजे शिंपल्या, खेकडे, चार बारकी मासळी, त्यावर घरातलं दुपारचं निभतं. आणि वादळाने वाड्या झोपलेल्या, मदतीच्या तांदळाची पोती यायची बंद झालेली. त्या लोकांनी आपल्या पुढ्यातलं ताट उचलून ठेवलं होतं, मंजूच्या मानासाठी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही खाडीवर वाढलात, तुम्हाला हे सुचलं नाही?" बोलले आणि जीभ चावली. ते म्हणाले, "सुचलं असतं वहिनी. पण मला त्या दिवशी वाटत होतं, जगात काहीतरी बंद पडायला पाहिजे. ती गेली आणि सगळं चालूच होतं. कोंबडा आरवत होता. कुणीतरी म्हटलं आम्ही समुद्र बंद करतो, तर मला बरं वाटलं." मग म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या आजोबांची आवडती म्हण. मला बघून केली असावी."

आणि त्याहून वाईट होतं ते त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. पास्टर टॉमने एका फोनमध्ये प्रार्थनेसाठी नावं सांगितली, त्यात सॅम्युएलच्या बायकोचं नाव होतं. सॅम्युएल म्हणजे भाऊंबरोबर छपरावर चढून पट्ट्या मारणारा, मंजूला टोपलीतून केळी आणून देणारा. आतलं पाणी बंद म्हणून तो होडकं घेऊन कड्याबाहेर मासे धरायला गेला. बाहेर मोठ्या लाटा. होडकं सापडलं, तो नाही. टॉमने हे सांगितलं ते आज पाऊस आहे असं सांगावं तसं. दोष नाही, तक्रार नाही, हे तुमच्यामुळे असं अवाक्षर नाही. "वहिनी, तो मला शिव्या देता तर मी सुटलो असतो," भाऊ म्हणाले. नाही हो, तुमचा काय दोष, असं लोक म्हणतात तसं म्हणायला गेले आणि तोंडातच राहिलं. कारण दोष होता. थोडा होता, पण होता, आणि खोट्या समजुतीने त्या माणसाचं काही होणार नव्हतं. मी पिठलं टाकलं आणि दोघं जेवलो.

मग सुरू झाली त्यांची धडपड. फोनवरून समुद्र उघडायचा प्रयत्न आधी. टॉमने डोंगरावर जाऊन सिग्नल धरला, चीफला सोबत नेलं, आणि भाऊंनी माझ्या किचनमधून मोठ्या आवाजात इंग्लिशमध्ये सांगितलं की मी, मंजूचा नवरा, समुद्र उघडतो आहे, खांब काढा. चीफने त्यांना आशीर्वाद दिला, तब्येतीची चौकशी केली, आणि खांब जागच्या जागी. उंटावरून शेळ्या हाकल्या जात नाहीत, समुद्र काय उघडणार. मग त्यांनी किडनीच्या मोठ्या डॉक्टरला, त्या कन्सल्टंटला विचारलं, मी प्रवास करू का. ती म्हणाली, मशीनपासून इतके दिवस लांब राहिलात तर परत येणार नाही. मला वाटलं विषय संपला. पण पुढच्या वेळी पाहिलं तर यांची बॅग भरलेली. दोन विमानं, मग छोटं विमान, मग बोट, सगळा हिशेब लावलेला. परत यायचं तिकीट नको होतं त्यांना. मंजूच्या शेजारी जागा आहे म्हणाले. आणि मग बोलता बोलता एकदम थांबले, सोफ्यावर बसले, आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "वहिनी... मी तिथे मेलो तर ते माझ्यासाठी पुन्हा बंद करतील."

बॅग त्यांनी स्वतःच उपसली. शर्टांच्या घड्या कपाटात परत लावत होते आणि मी दारात उभी.

राहिली रूथ. ती इथेच जन्मलेली, लीड्सला वकिली करते, आईचा तोंडाळपणा तिच्यात इंग्लिशमधून उतरला आहे. ती रविवारी आली तेव्हा भाऊंनी मला मुद्दाम बोलावलं, बहुतेक एकट्याने विचारायची हिंमत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॅड, त्या जागेने मॉम घेतली. तुझी किडनी घेतली. आता मी पण जाऊ? कशाला? फॉर अ फिश?" भाऊ म्हणाले, "माशासाठीच, बाळा." ती उठून बाहेर गेली आणि गाडीत बसून राहिली. मला तिचा राग आला नाही. अख्ख्या बेटावरची माणसं हिच्या आईबापाला देवमाणसं म्हणत होती, आणि हिच्या वाट्याला काय, तर रिकामं घर. मी गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "मावशी, ही पीपल आर नाइस, मला माहीत आहे. मला त्यांचा राग नाय येत. मला डॅडचा राग येतो, आणि तो आजारी आहे, सो मला रागवता पण नाय येत." मी तिचा हात धरून बसले.

माझी त्यांची शेवटची भेट साधीच झाली. मी मुगाचं वरण घेऊन गेले होते. ते किचनमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर शाल. माणूस इतका वाळला होता की खुर्ची मोठी वाटायची. त्यांनी विचारलं, बांगडा मिळतो का हल्ली चांगला. मी म्हटलं, मिळतो, पण तुमच्यावाचून कोण तळतंय. तर म्हणाले, "तळा. तवा तुमच्याकडे आहे. मी नसलो तर थांबू नका, माझी शपथ आहे. तिरफळ घातलंत तरी चालेल." एवढं बोलून त्यांना धाप लागली. दोन दिवसांनी त्याच खुर्चीत गेले.

रूथने बापाला इथेच वॉटफर्डला पुरलं. थडग्यापाशी मराठी मंडळीने टाळ घेऊन भजन म्हटलं, आणि ज्या ओळीवर भाऊ नेहमी अर्धा ठोका पुढे पळायचे, तिथे सगळे क्षणभर अडखळले. रूथ एकदाही रडली नाही. घरी आल्यावर काळा कोट न काढताच ती बापाच्या खुर्चीत बसली आणि फोनमध्ये काहीतरी बघायला लागली. मी चहा दिला. तिने फोन माझ्यापुढे धरला. पास्टर टॉमने पूर्वी कधीतरी भाऊंना पाठवलेला फोटो होता, तो तिला त्यांच्या फोनमध्ये सापडला होता. निळंशार पाणी, त्यात खांब, आणि खांबांना पांढुरक्या चिंध्या. मंजूची साडी होती ती, मंडळाच्या दिवाळीला नेसायची. ओळखू येत नव्हती. मागे किनाऱ्यावर चार बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, पाण्याकडे बघत. रिकाम्या टोपल्या. रूथ म्हणाली, "ही बघ, बसलेत नुसते. डॅडने हे रोज बघितला असेल." आणि मग तिला रडू फुटलं. त्याच बैठकीत तिने ऑफिसला रजा टाकली.

ती गेली. मी इकडे रोज सकाळी उठून आधी फोन बघायचे, मग दात घासायचे. फोन आला तेव्हा माझा चहा गॅसवर होता, तिकडे संध्याकाळ. मागे माणसांचे, लाटांचे आवाज. "मावशी, पोल्स काढले," ती म्हणाली. बायका सोबत पाण्यात उतरल्या, पण हात फक्त रूथने लावायचा. मंजूची साडी हातात आली आणि ओल्या कागदासारखी तुटली. पहिला मासा तिला जमेना, तासभर जाळं धरून उभी होती, सगळं गाव गप्प बसून वाट बघत होतं, कुणी हसलं नाही. शेवटी एक बोटभर मासा आला. तो शिजवून सॅम्युएलच्या बायकोकडे पाठवायचा असं तिनेच ठरवलं. ती बाई किनाऱ्यावर आली नव्हती. "तिने घेतला, मावशी. घेतला आणि दार लावलं. माझ्याशी बोलली नाय." मी म्हटलं, घेतला ना, बास.

मग रूथ म्हणाली, "अजून एक झालं. मी सगळं झाल्यावर वर आले, तर चीफ उभा होता, आणि त्याच्या मागे नवीन पोल्स. दे हॅड ऑलरेडी कट देम. तो म्हणाला, तुझ्या डॅडने आम्हाला छप्पर दिलं, आता त्याच्यासाठी बंद करू?" मी चहा उतू जाताना बघत होते, गॅस बंद करायचं सुचत नव्हतं. भाऊंनी सोफ्यावर बसून जे म्हटलं होतं, तेच. "मग गं?" "मी नाही म्हटला. सगळे बघत होते, मावशी. मॉमला मान दिला आणि मुलगी डॅडला नाही म्हणते. इट लुक्ड सो बॅड. तो चीफ म्हणाला, मग आम्ही त्याच्यासाठी काय करू?" 

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जेवा. उद्या सकाळी सगळे जाऊन मासे धरा आणि जेवा."

त्या शुक्रवारी मी बांगडे आणले. तवा काढला, तेल लावून ठेवला होता म्हणून बरं. मग टोपी शोधली, ड्रॉवरमध्ये भाऊंनी घडी करून ठेवली होती तशीच होती, आणि स्टुलावर चढून अलार्मला घातली. बांगडे काही त्यांच्यासारखे झाले नाहीत, एका बाजूने चिकटले. अरुण आणि मी समोरासमोर बसून खाल्ले, टाकलं काही नाही. नंतर भांडी घासताना वर बघितलं तर ती टोपी तिथेच. म्हटलं, राहू दे. त्यांची आठवण म्हणून राहील तेवढीच, कुणाला काय त्रास आहे... आणि हात साबणात तसेच थांबले. मी अरुणला हाक मारली. त्याने स्टूल धरलं, आणि मी वर चढून टोपी काढली.